पाणबुडीच्या पोटात, वेताळाच्या गुहेत

भायखळ्याच्या मोतीशा देरासरात कार्तिकी पौर्णिमेला पहाटेपासून भाविकांची रीघ लागते. ज्यांना त्या दिवशी पालिताण्यास जाणे घडत नाही, असे मुंबईकर जैन येथेच आदीश्वर भगवंतांचे दर्शन घेऊन शत्रुंजयाच्या यात्रेचे समाधान मानतात. हे देरासर बांधविणारे शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे नामांकित व्यापारी. त्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या जहाजांतून समुद्रापार जात असे. देरासरातून बाहेर पडून पूर्वेकडे वळले, की माझगाव फार दूर नाही. डॉकयार्ड रोड स्थानकापलीकडे उंच क्रेन दिसू लागतात आणि त्यांच्या सावलीत भारतीय नौदलाच्या पाणबुड्या बांधल्या जातात. १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी येथलीच. अलीकडच्या ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’, ‘वेला’, ‘वागीर’ आणि ‘वागशीर’ या सहाही येथल्याच.

तथापि लालबाग-परळच्या किंवा गिरगावच्या एखाद्या मुलाने पाणबुडी आतून पाहण्याचा हट्ट धरला, तर त्याच्या वडिलांना काही माझगावला जाऊन तो पुरविता येत नाही. गोदीच्या फाटकावर पहारा असतो आणि तो असणे योग्यच आहे. निवृत्त झालेली, लोकांसाठी खुली असलेली पाणबुडी मुंबईत नाही. त्यासाठी देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला जावे लागते. ज्या शहरात पाणबुड्या जन्म घेतात, त्या शहरातील मुलांना ती पाहण्यासाठी कोणार्क एक्स्प्रेसने पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा असा प्रवास करावा लागतो, ही गोष्ट थोडी विचित्र आहे. सहल मात्र करण्यासारखी आहे, यात शंका नाही.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर, रस्त्याच्या कडेला, वाळूत काँक्रीटच्या पायावर एक लांबलचक काळे धूड विसावलेले दिसते. हीच ‘कुरसुरा’. लांबी ९१ मीटरच्या आसपास, म्हणजे गिरगावातील एखाद्या वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुंदी मात्र जेमतेम आठ मीटर. तत्कालीन सोव्हिएट संघात बांधलेली ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी रिगा बंदरात भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने अरबी समुद्रात, म्हणजे मुंबईच्याच दारातील पाण्यात, गस्त घातली. पुढे तिच्या आयुष्यात एक असा काळ आला, जो व्यापारी माणसाला चटकन समजेल. १९७५ च्या सुमारास तिची दुरुस्ती रखडली. मग तिचेच सुटे भाग काढून तिच्या भगिनी पाणबुड्यांना लावण्यात आले. दुकानातील एक यंत्र उघडून त्याच्या भागांवर बाकीची चालू ठेवावीत, तसाच हा प्रकार. अशा यंत्राचे पुढे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘कुरसुरा’ भंगारात गेली नाही. १९८० ते १९८२ या काळात तिची पूर्ण डागडुजी झाली, ती पुन्हा समुद्रात उतरली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी एकतीस वर्षांच्या सेवेनंतर सन्मानाने निवृत्त झाली.

त्यानंतर तिला ओढून किनाऱ्यावर आणण्याचे काम झाले. पाण्यासाठी घडविलेले सुमारे दोन हजार टनांचे धूड वाळूवर चढविणे हा खेळ नव्हे. या साऱ्या खटाटोपाला सुमारे दीड वर्ष लागले आणि साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास खर्च आला. ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

आत शिरताना पहिली गोष्ट लक्षात येते ती जागेची. मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसे वाढलेली आहेत, त्यामुळे दाटीचे आपल्याला फारसे अप्रूप नसते. तरीही येथली दाटी निराळी आहे. संपूर्ण पाणबुडी सात कप्प्यांत विभागलेली असून एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी भिंतीत गोल दारे आहेत. आधी एक पाय आत टाकायचा, मग मान वाकवून अंग आत घ्यायचे, मग दुसरा पाय. लहान मुले ससा बिळात शिरावा तशी सरसर निघून जातात आणि आजी-आजोबांना मात्र कोणाचा तरी हात धरावा लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी याचा आधी विचार करावा. ही दारे इतकी लहान का, याचे उत्तर साधे आहे. एका कप्प्यात पाणी शिरले तर दार लावून उरलेले कप्पे वाचवायचे. दार जितके लहान, तितके ते लवकर आणि घट्ट बंद होते. त्या कप्प्यात अडकलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे खरे उत्तर द्यावे.

अशा सात कप्प्यांत पंचाहत्तर माणसे आठवडेच्या आठवडे राहत असत. एकावर एक टांगलेल्या अरुंद शय्या, यंत्रांच्या मधल्या फटीत बसविलेल्या. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे घड्याळ पाहूनच कळायचे. गोडे पाणी मोजके, म्हणून आंघोळीचे नाव नाही. साधु-साध्वींचे अस्नान व्रत ज्यांच्या परिचयाचे आहे अशा घरातील मुलांना याचे इतरांइतके नवल वाटत नाही, एवढेच. हेतू दोन्हीकडे अर्थात वेगळा आहे. स्वयंपाकघर म्हणून जी जागा दाखवितात, ती पाहून आपल्या गृहिणी थबकतात. घरातील देव्हाऱ्याच्या खोलीएवढ्या त्या जागेत पंचाहत्तर जणांचे अन्न शिजत असे, तेही शेजारी डिझेलचा वास आणि अंगाची लाही करणारी उष्णता असताना.

पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी, हे येथे मुलांना हाताने दाखवून सांगता येते. तिला दोन सालींचे अंग असते. बाहेरच्या आणि आतल्या सालीमध्ये मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी भरू दिले की ती जड होऊन खाली जाते आणि दाबून ठेवलेली हवा सोडून ते पाणी बाहेर ढकलले की हलकी होऊन वर येते. पाण्याखाली डिझेलचे इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. म्हणून खाली असताना ती विजेवर, शेकडो मोठ्या बॅटऱ्यांवर चालते. वीज गेली की दुकानातला इन्व्हर्टर जसा साठवलेल्या विजेवर दिवे चालू ठेवतो, तसेच हे. परंतु बॅटरी उतरली की ती पुन्हा भरायला हवी, त्यासाठी डिझेल इंजिन चालवायला हवे आणि त्यासाठी हवा हवी. म्हणून पाणबुडीला ठराविक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी पाण्याबाहेर काढावी लागते. तोच तिच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा क्षण. अदृश्य राहणे हे तिचे सारे सामर्थ्य, आणि श्वास घेण्यासाठी तिला दिसावेच लागते.

पुढच्या टोकाला पाणतीर सोडण्याच्या सहा नळ्या आहेत, मागच्या टोकाला चार. एकूण बावीस पाणतीर ती वाहून नेत असे. येथे आल्यावर अहिंसेचे संस्कार असलेले कुटुंब थोडे गप्प होते आणि ते स्वाभाविक आहे. हे यंत्र कितीही अद्भुत असले, तरी ते दुसरे जहाज माणसांसह बुडविण्यासाठीच बनले आहे. १९७१ च्या डिसेंबरात असे दोन्ही बाजूंनी घडले. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी याच विशाखापट्टणमच्या समुद्रात आपल्या सर्व माणसांसह बुडाली. पुढे ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने भारताची ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. सौराष्ट्रातील अनेक कुटुंबे दीवला जातात तेव्हा तेथील स्मारक पाहतात. ‘हंगोर’ आज कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. तिकडचीही मुले तिच्या गोल दारांतून अशीच वाकून जात असतील.

मुंबईलाही हे दुःख परके नाही. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट झाले, आग लागली आणि ती धक्क्यालगतच बुडाली. अठरा नौसैनिक आतच राहिले. युद्ध नव्हते, खोल समुद्र नव्हता. शहर पलीकडे झोपलेले होते.

‘कुरसुरा’तून मागच्या दाराने बाहेर पडले की समोर उजेड, वारा आणि शेंगदाणे विकणारा माणूस असतो. आत गेलेला मुलगा बाहेर येताना वेगळा असतो. आत जाण्यापूर्वी पाणबुडी ही त्याच्या दृष्टीने एक गूढ वस्तू होती, समुद्रातील भूत म्हणा. बाहेर येताना ती टाक्या, बॅटऱ्या, नळ्या आणि घामेजलेली माणसे यांची बनलेली असते. गूढ नाहीसे होते आणि नवल वाढते. नेमका हाच अनुभव त्याच्या आजोबांनी, बहुधा त्याच वयात, एका कॉमिकमधून घेतलेला असतो.

मुंबईतूनच, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. इंग्रजीबरोबर ते हिंदी आणि मराठीतही निघाले, पुढे गुजरातीसह आणखी भाषांत. पहिल्या अंकाचा नायक होता अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’. बी. गोविंद यांनी रंगविलेली त्याची मुखपृष्ठे फोर्टच्या आणि दादरच्या वृत्तपत्रविक्रेत्यांकडे दोरीवर लटकत असत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे, ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयांतून एका दिवसासाठी आणत. एकाच मजल्यावर एका बिऱ्हाडी मराठी अंक येई आणि शेजारी गुजराती. मग मुले दोन्ही वाचत, आणि अशाने कित्येकांना शेजाऱ्याची लिपी येऊ लागली.

मराठीत या नायकाचे नाव ठेवले ‘वेताळ’. हे नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. मूळ इंग्रजीत फँटमचे बिरुद आहे ते ‘चालणारे भूत’. आणि कोकणात ‘वेतोबा’ म्हणून ज्या ग्रामदेवतेला मानतात, तो नेमका रात्री चालतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा गावाच्या सीमेवर रात्रभर फिरून राखण करतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी कुटुंबांतील मुलांना जंगलात रात्री फिरून दुष्टांना शासन करणारा हा अमेरिकन वीर अनोळखी वाटलाच नाही. तो त्यांच्या गावचाच होता, केवळ अंगावर घट्ट कपडे आणि डोळ्यांवर मुखवटा चढवून आलेला.

व्यापारी जैन घरांतील मुलांना वेताळ भेटला तो आणखी एका वाटेने. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येऊ लागला होता आणि त्यातील विक्रम-वेताळाच्या गोष्टी, राजाच्या खांद्यावरचे प्रेत आणि शंकर यांनी काढलेले ते सुप्रसिद्ध चित्र घरोघरी पोहोचले होते. या विक्रमाशी जैन साहित्याचे नाते जुने आहे. विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्यांनी सांगितलेल्या कथांची क्षेमंकर मुनींच्या नावे ओळखली जाणारी एक स्वतंत्र जैन वाचना आहे. तेव्हा भुताखेतांच्या गोष्टी म्हणून वडीलधाऱ्यांनी जी पुस्तके हातातून काढून घेतली, त्यांच्या वंशावळीत आपलेच मुनिवर बसलेले होते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. वडीलधाऱ्यांचा रोष मात्र खरा होता. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ निघू लागली आणि तिच्यात भगवान महावीरांवरही पुस्तक आले, तेव्हा त्या पुस्तकांना घरात मानाचे स्थान मिळाले. वेताळ मात्र गादीखाली, दप्तरात किंवा पेढीवरच्या जुन्या चोपड्यात दडून राहिला. गंमत अशी की ‘इंद्रजाल’च्या आरंभीच्या उभारणीत हेच अनंत पै होते.

याच मालिकेत १९७६ साली ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. त्याचे जनक आबिद सुरती हे डोंगरीत वाढलेले. महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीतून गोऱ्या सैनिकांना घेऊन निघणाऱ्या गाडीमागे मुले खाऊसाठी धावत असत. एकदा एका सैनिकाने खाऊऐवजी एक कॉमिक फेकले आणि झोंबाझोंबीत त्यातील एक पान आपल्या हाती लागले, अशी आठवण त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. मुंबईची गोदी आणि मुंबईची चित्रकथा यांचे नाते इतके जवळचे आहे.

वेताळाचे रहस्य ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते सांगणे आवश्यक आहे. जंगलातील लोक मानतात की हा पुरुष चारशे वर्षे जगतो आहे, त्याला मरण नाही. त्याच्यावर गोळी झाडणारे गुंडही तेच मानतात आणि निम्मी लढाई भीतीनेच हरतात. वाचकाला मात्र दुसऱ्याच पानावर खरे सांगितलेले असते. १५३६ साली समुद्रचाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेला एकटा तरुण वाहत किनाऱ्याला लागला. चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य यांच्याविरुद्ध लढण्याची त्याने शपथ घेतली आणि आपल्या मुलानेही तीच घ्यावी असे ठरविले. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा घालतो, तीच अंगठी बोटात चढवितो आणि बाहेर येतो. लोकांना माणूस बदलल्याचे कळतच नाही. कथा सुरू होते तेव्हाचा वेताळ हा एकविसावा. कवटीच्या आकाराच्या गुहेत मागच्या वीस जणांची थडगी आहेत, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांच्या वह्या आहेत. प्रत्येक वेताळाने आपल्या हाताने लिहिलेली, वर्षावर्षाची नोंद. अडचण आली की एकविसावा वेताळ दिवा घेऊन त्या वह्या उघडतो आणि बाराव्याने किंवा पंधराव्याने अशा प्रसंगी काय केले होते ते पाहतो.

व्यापारी घरातील मुलाला हे अजिबात अलौकिक वाटू नये. ही तर पेढी आहे. दारावरच्या पाटीवर पणजोबांचे नाव, गादीवर नातू, गिऱ्हाईक अजूनही पणजोबांच्याच नावाने उधारी मागते आणि कपाटात दिवाळीला पूजन केलेल्या लाल बासनातील चोपड्यांच्या थप्प्या. काळबादेवीच्या किंवा दाणाबंदरच्या कितीतरी पेढ्यांतून चार पिढ्या झाल्या तरी बाजारात माणूस एकच समजला जातो. ली फॉक यांनी जंगलातील भूत म्हणून जे रंगविले, ते मुंबईच्या बाजारात भरदिवसा नांदत होते. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. दोन पिस्तुले कमरेला लावणारा हा वेताळ शक्यतो कोणाचा जीव घेत नाही. हातातले शस्त्र उडवितो आणि जबड्यावर अंगठीची खूण उमटवून सोडून देतो.

मालिका १९९० साली बंद पडली. त्यानंतर जे घडले ते प्रत्येक घरी घडले. रंगकाम निघाले, माळा रिकामा करायचा ठरला आणि ट्रंकेतले अंक रद्दीवाल्याच्या तराजूत गेले, वर्तमानपत्राच्या भावाने. आज जुने अंक शोधणारे लोक हुतात्मा चौकाजवळच्या आणि माटुंग्याच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे खेटे घालतात आणि सुरुवातीच्या चांगल्या प्रतीला, विशेषतः मराठी, मुखपृष्ठ शाबूत असलेल्या प्रतीला, मागाल ती किंमत मोजतात. ज्यांनी किलोवर विकले, त्यांना हे ऐकून अस्वस्थ वाटते.

नौदलातही वेताळाचीच रीत आहे. जहाज निवृत्त होते, त्याचे नाव निवृत्त होत नाही. रिगा येथे ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झालेली भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’. तिच्या स्मरणार्थ तो दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळतात. ती गेली, आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत दुसरी ‘कलवरी’ त्याच नावाने उभी राहिली. मुंबईच्या दक्षिणेस समुद्रातील ज्या बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला उभारायला घेतला, त्या खांदेरीचे नाव धारण करणारी पहिली पाणबुडी १९६८ ची, दुसरी २०१९ ची. मराठीत होडीलाही नाव म्हणतात आणि माणसाच्या ओळखीलाही. नौदलाने या दोन्ही अर्थांची सांगड घातली आहे. नाव पुढे जाते. जुन्या देहाचे काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

त्या प्रश्नाचे मुंबईने एकदा दिलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईत आली आणि पुढे पस्तीस वर्षांहून अधिक काळ हे शहर तिचे घर होते. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून ती तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. मुंबईतील कित्येक शाळकरी मुलांनी तिच्या विस्तीर्ण डेकवर उभे राहून शहराकडे उलट बाजूने पाहिले. पण लोखंड आणि खारे पाणी यांचे वैर असते. तिची डागडुजी करायला, तिला कायमची जागा द्यायला मोठी रक्कम हवी होती. योजना आल्या, चर्चा झाल्या, पैसा उभा राहिला नाही. २०१२ मध्ये ती सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद झाली. २०१४ मध्ये लिलावात ६० कोटी रुपयांना गेली आणि मे महिन्यात दारूखान्याच्या किनाऱ्याला लागली. वाचवण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण उपयोग झाला नाही. नोव्हेंबरात तिच्यावर गॅस कटर चालले. तिच्या पोलादातून पुढे एका नामांकित कंपनीने मोटारसायकली काढल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये नौदल गोदीच्या सिंह दरवाजाजवळ तिच्या धातूपासून घडविलेले शिल्प उभारण्यात आले. दारूखाना हे मोतीशा देरासरापासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर. नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झाली. वेताळाचा मुलगा गादीवर बसला, परंतु मुंबईच्या गुहेत बापाची वही राहिली नाही.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर भंगाराच्या व्यवहारात गैर काही नाही. पोलाद पुन्हा वापरात येणे हे चांगलेच. कित्येक जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या लोखंडाच्या आणि भंगाराच्या व्यापारात आहेत आणि जहाज तोडण्याच्या धंद्याने हजारोंची चूल पेटते, हेही त्यांना ठाऊक आहे. परंतु हीच कुटुंबे देरासरांचे ट्रस्टही चालवितात आणि जुन्या वास्तूचा खर्च एकदा उभारून भागत नाही, तो दरवर्षी उभारावा लागतो, हे त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला कळत नाही. जीर्णोद्धाराचा निधी आधी आणि पाया नंतर, हा क्रम ‘विक्रांत’च्या बाबतीत उलटा झाला. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ला पाण्यात न ठेवता जमिनीवर आणले, त्यामुळे गंजण्याचा वेग कमी झाला, तिकिटाचा पैसा सुरू झाला आणि माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक मिळाले. २०१७ मध्ये तिच्यासमोर टीयू-१४२ हे नौदलाचे निवृत्त विमानही आणून उभे केले, म्हणजे एका फेरीत दोन संग्रहालये. हिशेब सरळ आहे.

‘शल्की’ला नौदलात येऊन तीस वर्षे उलटून गेली आहेत. ‘कुरसुरा’ एकतीस वर्षांनी थांबली होती. माझगावच्या कामगारांनी बांधलेल्या या पहिल्या पाणबुडीच्या निवृत्तीचा दिवस आज ना उद्या येणार. त्या वेळी ती कोठे ठेवायची, किती जागा लागेल, पहिल्या दहा वर्षांचा निर्वाहनिधी कोण उभारील, ही चौकशी लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी सुरू व्हायला हवी. लालबागमधील ज्या घरांतील कोणी गोदीत फिटर किंवा वेल्डर होते, त्या घरांना आपल्या माणसाच्या हाताचे सांधे नातवंडांना दाखविता येतील.

तोपर्यंत विशाखापट्टणम आहेच. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ‘कुरसुरा’ सोमवारी बंद असते आणि इतर दिवशी बहुतेक करून दुपारनंतर उघडते. वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपार लागताच आत जावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता येते. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत, चोपड्यांच्या तळाशी, वेताळाचा एखादा मराठी अंक अजून सापडलाच, तर तो जाड पुठ्ठ्यात घालून बरोबर घ्यावा. आजोबांनी नातवाला वाचून दाखवायला सुरुवात केली, तर विजयवाडा येईपर्यंत तो दोनदा वाचून होतो.